नानांच्या वह्या आणि माधवराव

आदरणीय नानांस,
सा. न. वि. वि.

मंडळातल्या भाषणात तुम्ही तुमचं नाव घेऊ दिलं नाहीत. इथेही घेत नाही. पण ग्वाल्हेरच्या राजघराण्यातले खासदार आणि केंद्रीय मंत्री माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीवर मी जे काही धड बोलू शकले ते तुमच्यामुळे, आणि हे चार लोकांना कळलंच पाहिजे, म्हणून हे जाहीर पत्र.

ग्वाल्हेरात या विषयावर उभं राहणं सोपं नाही. गावातल्या लश्कर भागातल्या मराठी घरांत कोणाचे आजोबा शिंदे सरकारच्या चाकरीत, तर कोणाचे काका माधवरावांच्या आई राजमाता विजयाराजेंबरोबर जनसंघात. महाराजांचं नाव निघालं की काही जण हात जोडतात, काही तोंड फिरवतात. आई भाजपमध्ये आणि मुलगा काँग्रेसमध्ये, हा ताण शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात होता तसा आपल्या वाड्यांतही होता. माझ्याकडे ऐकीव गोष्टींचा ढीग होता. त्यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं.

तुम्ही कपाटातून त्या दोन लांबट वह्या काढल्यात. कणकेच्या खळीनं डकवलेली कात्रणं, कडा कसरीनं खाल्लेल्या, प्रत्येकावर लाल शाईत तारीख. आणि तारखेखाली एकच शब्द : ‘पाहिलं’ किंवा ‘ऐकलं’. उभा जन्म रेल्वेच्या आरक्षण कार्यालयात काढलेल्या माणसाची ही शिस्त. त्या एका शब्दानं माझं भाषण तारलं, नाना.

निवडणुकांची पानं तुम्ही भराभर उलटलीत. १९७१ साली जेमतेम २६ व्या वर्षी जनसंघाकडून गुना मतदारसंघात विजय, १९७७ मध्ये अपक्ष, १९८० मध्ये काँग्रेस. मग १९८४. अगदी अखेरच्या क्षणी ग्वाल्हेरातून अर्ज, समोर याच गावात जन्मलेले अटलजी, आणि सुमारे पावणेदोन लाखांचा विजय. लोकसभेच्या नऊ निवडणुका, पराभव एकही नाही. एवढं तर गावात कोणीही सांगेल, असं म्हणून तुम्ही रेल्वेवर आलात आणि तिथे दुपार सरली.

१९८६ च्या ऑक्टोबरात ते रेल्वे राज्यमंत्री झाले, स्वतंत्र कार्यभारासह. त्याआधीचं आरक्षण कसं चालायचं हे तुम्ही हातवारे करून दाखवलंत : प्रत्येक गाडीचं, प्रत्येक तारखेचं वेगळं रजिस्टर, गाडीप्रमाणे वेगळी खिडकी, परतीच्या बर्थसाठी दुसऱ्या स्टेशनाला तार आणि उत्तराची वाट. ज्या खिडकीवर रांग लावली तिचं रजिस्टर भरलं, की दुसऱ्या रांगेच्या शेपटाला. संगणकानं हे संपवलं. पण दिल्लीतलं संगणकीय आरक्षण ते मंत्री होण्याआधीच सुरू झालं होतं. त्यांच्या काळात ते गावोगाव पसरलं. हा फरक तुम्ही मला तीनदा घोकून घ्यायला लावलात. त्यांच्यावर तुमचं मनापासून प्रेम, तरी न केलेल्या कामाचं श्रेय त्यांच्या पदरात टाकणं तुम्हाला सोसत नाही. मला हे फार मोठं वाटतं.

शताब्दीचं श्रेय मात्र तुम्ही निःशंक दिलंत. १९८८ मध्ये देशातली पहिली शताब्दी नवी दिल्लीहून झाशीकडे ग्वाल्हेरमार्गे धावली, त्या पानाखाली ‘पाहिलं’ लिहिलंय. दिल्लीचा माणूस सकाळी ग्वाल्हेरात उतरून, काम उरकून, रात्री आपल्या घरी झोपू लागला. या गावाला त्यानं काय दिलं हे दुकानदारांना विचारावं. (माधवरावांच्या आजोबांनी ग्वाल्हेरची छोटी लाइन, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, घातली, नातवानं शताब्दी दिली, हे वाक्य माझं. तुम्ही त्यावर नुसते हसलात, पण खोडलं नाहीत.)

आणि ९ जानेवारी १९९३. ते तेव्हा नागरी विमान वाहतूक मंत्री. वैमानिकांच्या संपामुळे भाड्यानं घेतलेलं, उझबेकिस्तानचं तुपोलेव विमान दिल्लीच्या धुक्यात उतरताना कोसळलं. जीव एकाचाही गेला नाही, तरी त्यांनी राजीनामा दिला. हे कात्रण वाचताना तुमचा आवाज जड झाला. “माणसं वाचली होती गं. त्यांनी राजीनामा दिला नसता तरी चाललं असतं,” एवढंच म्हणालात. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत हे पान सर्वांत उजवं आहे. भाषणात मी सर्वांत जास्त वेळ यालाच दिला, आणि तोंड फिरवणारेही तेव्हा गप्प बसून ऐकत होते.

अवघड पानंही तुम्ही लपवली नाहीत. १९९६ च्या जानेवारीत राजकारण्यांना बेकायदा पैसे दिल्याच्या हवाला प्रकरणात नाव आल्यावर मनुष्यबळ विकास मंत्रिपद सोडलं, पक्षानं तिकीट नाकारलं, आणि मध्य प्रदेश विकास काँग्रेस हा स्वतःचा पक्ष काढून ते ग्वाल्हेरातून पुन्हा निवडून आले. हे सगळं मी जसंच्या तसं सांगितलं. ३० सप्टेंबर २००१ चं, मैनपुरीजवळच्या विमान अपघाताचं कात्रण तुम्ही वाचून दाखवलं नाहीत. वही माझ्याकडे सरकवलीत आणि काकूंना चहा टाकायला सांगितलात.

नाना, तुमच्याइतक्या निष्ठेनं आणि तरीही इतक्या खरेपणानं एखाद्या नेत्याची आठवण जपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तुम्ही मला वेळ दिलात, विश्वासानं वह्या हाती दिल्यात. मनापासून आभार.

सगळी पानं स्कॅन करून झाली आहेत. दुसऱ्या वहीची शिवण उसवली होती, ती बाइंडरकडून नीट करून घेतली आहे. रविवारी दोन्ही घेऊन येते. मंडळातल्या दोन मुलांना रेल्वेची पानं तुमच्याकडूनच ऐकायची आहेत, त्यांना बरोबर आणू ना?

काकूंना नमस्कार.

तुमची,
दौलतगंजची मास्तरीण