नेटचा रस्ता सगळ्यांना सारखाच राहू द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

माझं नाशिकरोडला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. आधी सायबर कॅफे होता, सहा कॉम्प्युटर होते, आता दोनच ठेवलेत कारण सगळ्यांच्या हातात मोबाइल आलाय. सातबारा, पीकविमा, रेल्वेचं तिकीट, पॅनकार्ड, पोरांचे अ‍ॅडमिशनचे फॉर्म, सकाळपासून रात्रीपर्यंत हेच चालू असतं. नेटवर माझं घर चालतं म्हणून, नेट कंपन्यांनी सगळ्या साइट सारख्याच पोचवाव्यात यासाठी हे पत्र लिहितोय, जरा मोठं झालंय, पण जागा असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

माझ्या काउंटरच्या काचेला आतून जुने रिचार्जचे स्टिकर अजून चिकटलेले आहेत. एअरसेल, युनिनॉर, डोकोमो, आयडिया. काढायला गेलं की अर्धे निघतात आणि डिंक तसाच राहतो. तेव्हा गिऱ्हाईक येऊन उभ्याउभ्या विचारायचं, काका कोणाचा पॅक स्वस्त आहे, आणि ज्याचा स्वस्त त्याचं सिम घेऊन जायचं. आता खाजगी तीनच कंपन्या उरल्यात आणि चौथी बीएसएनएल. 2024 च्या जुलैत जिओ आणि एअरटेलचे रेट 3 तारखेला वाढले आणि व्हीआयचे लगेच 4 तारखेला, आणि लोक चिडले माझ्यावर, काका गेल्या महिन्यात 239 घेतले होते आता 299 कसे काय. त्यांना काय सांगणार, दुसरीकडे जा म्हणावं तर दुसरीकडेही तेच.

रेट वाढले ते एक वेळ समजू शकतो. टॉवर उभे करायला पैसे लागतात, 2022 च्या 5जी लिलावात कंपन्यांनी दीड लाख कोटींच्या बोली लावल्या, ते कुठून तरी वसूल करणारच. माझी भीती वेगळी आहे. पिंपळगावच्या टोलनाक्यावर उद्या असा नियम झाला की नाकेवाल्याच्या पाहुण्याचा ट्रॅक्टर सुसाट पुढे जाईल आणि बाकीच्यांनी रांगेत थांबायचं, तर आपण ऐकून घेऊ का? गाडी बघून टोल घ्या, पण गाडीत माल कोणाचा आहे ते बघून रस्ता द्यायचा नाही. नेटच्या बाबतीत यालाच नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. मी डेटाचे पैसे दिले की त्यावर मी सिनेमा बघीन नाहीतर तलाठ्याचा फेरफार बघीन, कंपनीने दोन्ही सारखंच पोचवायचं. आता तर ज्यांचं नेटवर्क आहे त्यांचेच सिनेमाचे ॲप आहेत, दुकानंही त्यांचीच, मग आपल्या मालाला पुढे आणि दुसऱ्याच्या मालाला मागे ठेवायचा मोह होणारच ना, कोणालाही होईल.

हे आपल्याकडे एकदा होता होता राहिलंय, लोक विसरलेत म्हणून लिहितो. 2014 च्या डिसेंबरात एअरटेलने नेटवरून केलेल्या कॉलला वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं आणि बोंब झाल्यावर मागे घेतलं. मग 2015 च्या मार्चमध्ये ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांसाठी नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, याच विषयावर एक पेपर काढला, 118 पानांचा, 20 प्रश्न, सगळा इंग्रजीत, आणि लोकांची मतं मागवली. 24 एप्रिल शेवटची तारीख होती. त्या आठवड्यात संध्याकाळी कॉलेजची पोरं माझ्या दुकानात येऊन ईमेल पाठवायची, त्यातल्याच एकाने मला सगळं समजावून सांगितलं आणि मीही पाठवला, आयुष्यात सरकारला पाठवलेला पहिला ईमेल. देशभरातून दहा लाखांच्या वर गेले.

त्यानंतर फेसबुकचं फ्री बेसिक्स आलं. काही ठराविक साइट फुकट, पण त्या यादीत कोण बसणार त्याचे नियम फेसबुक ठरवणार. वर्तमानपत्रांत त्याच्या पानभर जाहिराती येत होत्या. खरं सांगतो, मीसुद्धा तेव्हा डळमळलो होतो. माझ्याकडे येणारा माणूस दहा रुपयाचं रिचार्ज मारताना खिसा चाचपायचा, त्याला फुकट मिळतंय तर आपण का नको म्हणावं असं वाटायचं. पण मग विचार केला की फुकटच्या यादीत मोठ्यांच्याच साइट राहतील, आपल्या निफाडच्या एखाद्या पोराने द्राक्षाच्या रोगांची माहिती देणारी साइट काढली तर ती उघडायला पैसे पडणार आणि मोठ्याची फुकट, मग त्याच्याकडे जाणार कोण? 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायने असे वेगवेगळे रेट लावायला बंदी घातली, मोडलं तर रोजचे 50 हजार दंड, जास्तीत जास्त 50 लाख. मी त्या दिवशी दुकानात सगळ्यांना चहा पाजला होता.

आता काळजी कशाची, तर हे संरक्षण आहे ट्रायच्या नियमांत आणि कंपन्यांच्या लायसन्सच्या अटींत. नियम बदलायला संसदेत चर्चा लागत नाही, एक पेपर निघतो, मुदत संपते, आणि आपल्याला कळतसुद्धा नाही. अमेरिकेत काय झालं बघा. 2015 ला तिथल्या टेलिकॉमच्या सरकारी खात्याने नेट न्यूट्रॅलिटीचा कडक नियम केला, मग त्या खात्यात नवीन माणसं आली आणि 2017 च्या डिसेंबरात तीन विरुद्ध दोन मतांनी तो काढून टाकला, 2024 ला परत आणला, आणि 2 जानेवारी 2025 ला कोर्टाने रद्द केला, म्हणाले की या खात्याला तो अधिकारच नाही. दहा वर्षांत चार वेळा इकडून तिकडे. 2018 मध्ये कॅलिफोर्नियात जंगलं पेटली होती आणि आग विझवायला गेलेल्या अग्निशमन दलाच्या गाडीचं नेट व्हेरायझन कंपनीने स्लो केलं, कारण प्लॅनची लिमिट संपली, आणि जास्त पैशाचा प्लॅन घ्या म्हणून सांगितलं. कंपनीने नंतर चूक कबूल केली, न्यूट्रॅलिटीशी याचा संबंध नाही असंही म्हणाली. नसेल संबंध, पण आग समोर असताना कंपनीशी प्लॅनवर बोलत बसायची वेळ त्या माणसांवर आली, आणि नियम सैल झाल्यावर सामान्य माणसाने तक्रार तरी कोणाकडे न्यायची.

मागे माझ्या दुकानात एक ताई मुलीचा अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरायला आल्या होत्या, शेवटचा दिवस. पेज फिरतंय फिरतंय, उघडेना. पोरगी खुर्चीच्या काठावर बसलेली, आई सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतेय, आणि बाजूच्या बाकड्यावर एक मुलगा त्याच कंपनीच्या सिमवर क्रिकेट बघतोय, एकदम मस्त चालू. रात्री पावणेबाराला फॉर्म सबमिट झाला तेव्हा त्या ताई रडल्या. तो त्या साइटच्या सर्व्हरचा प्रॉब्लेम होता हे मला माहितीये, कंपनीने मुद्दाम काही केलं नव्हतं. पण मुद्दाम करता यायला लागलं तर रोजच्या रोज हेच होईल आणि कारण सर्व्हर आहे की कंपनी हे आम्हाला कधीच कळणार नाही.

आता नवीन मागणी काय आहे तर ज्या साइट आणि ॲप जास्त डेटा खातात त्यांनी टेलिकॉम कंपन्यांना वाटा द्यावा. ट्रायने 2023 च्या जुलैत मेसेजिंग ॲपवर पेपर काढला तेव्हाही हा विषय निघाला होता. ऐकायला बरोबर वाटतं, की मोठ्या परदेशी कंपन्या देतील पैसे, आपलं काय जातंय. पण डेटाचे पैसे मी आधीच दिलेत ना रिचार्जमध्ये? दक्षिण कोरियात असले पैसे लावले आणि ट्विच नावाची व्हिडिओची मोठी साइट 27 फेब्रुवारी 2024 ला तिथलं काम गुंडाळून गेली, म्हणाली बाकी देशांपेक्षा दहापट खर्च येतोय. मोठी साइट असून तिला झेपलं नाही, आपल्याकडच्या नवीन पोरांना कसं झेपणार.

आणि हे झालं रस्त्याचं. रस्ता मोकळा राहिला तरी पुढे बाजार कोणाच्या हातात आहे तेही बघावं लागतं. माझी वहिनी घरून दिवाळीचा फराळ आणि चिवडा विकते, सहा वर्षांत एका मोठ्या सोशल मीडियावरच्या पेजवर तिने गिऱ्हाईक जमवलं, पुण्या-मुंबईहून ऑर्डर यायच्या. एका दिवाळीच्या तोंडावर ते पेज रातोरात बंद झालं. नियमाचं उल्लंघन झालंय एवढाच मेसेज, कुठला नियम ते नाही, फोन नंबर नाही, ऑफिस कुठे ते नाही. आम्ही दोघांनी रात्री बसून सात वेळा अर्ज केला आणि प्रत्येक वेळी अक्षर न अक्षर तेच उत्तर. तीन आठवड्यांनी पेज आपोआप सुरू झालं, तोवर भाऊबीज होऊन गेली होती. भाजणी आणून ठेवलेली, तेलाचे डबे उधारीवर आणलेले. 2023 च्या सप्टेंबरात निर्यातशुल्कावरून व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते तेव्हा लासलगावकडच्या माणसाची चाळीत कांदा असूनही जी अवस्था झाली होती तीच वहिनीची. व्यापाऱ्यांचीही बाजू असेल, पण बाजार समितीत निदान सभापतीच्या केबिनबाहेर जाऊन बसता येतं, शंभर जण मिळून रस्ता अडवतात. इथे कोणाच्या दारात बसायचं?

प्ले स्टोअरचंही तसंच. 2022 च्या ऑक्टोबरात स्पर्धा आयोगाने गुगलला आधी 1337 कोटी आणि आठवड्याच्या आत अजून 936 कोटींचा दंड केला, तरी 2024 च्या मार्चमध्ये गुगलने फीच्या भांडणावरून नोकरी आणि लग्न जमवायचे मोठमोठे भारतीय ॲप काढून टाकले होते. सरकार मधे पडलं म्हणून परत आले. वहिनीच्या पेजसाठी कोण मधे पडणार? म्हणून दंडापेक्षा आधीच नियम हवा, की पेज किंवा ॲप बंद करण्याआधी कारण लेखी द्यायचं, मराठीत द्यायचं, आणि ठराविक दिवसांत माणसाने उत्तर द्यायचं, मशीनने नाही.

संपादक साहेब, तुमच्याकडे एकच मागणं आहे. ट्रायचा असा पेपर निघतो तेव्हा तो इंग्रजीत असतो आणि मुदत महिनाभराची वगैरे असते. 2015 ला मला समजावणारा पोरगा आता बंगळुरूला असतो. पुढचा पेपर निघाला की त्यातले मुख्य प्रश्न मराठीत, शेवटच्या तारखेसकट आणि ईमेलच्या पत्त्यासकट तुमच्या नाशिक आवृत्तीत छापा. मी त्याची झेरॉक्स काढून काउंटरवर ठेवीन, आणि ज्याला मत पाठवायचंय त्याला माझ्या दुकानातून एक रुपया न घेता टाइप करून देईन.

आपला,
एक वाचक आणि दुकानदार, नाशिकरोड