काँक्रीटचे चर्च वारसा का नव्हे?

मा. संपादक,
स. न.

गोव्यात वारसा म्हटला की जांभा, चुना आणि पांढरे शुभ्र चर्च. त्यात न बसणारी इमारत आपल्या लेखी नुसते 'सिमेंटचे बांधकाम'. गंमत म्हणजे जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चचा जो लाल जांभा आपण जुना म्हणून कौतुकाने दाखवतो, त्यावरचा गिलावा १९५०च्या दशकात काढलेला आहे!

दादरला शिवाजी मंदिरात नाटकाला जाणाऱ्या गोंयकारांना तिथले 'पोर्तुगीज चर्च' ठाऊक असेल. नाव पोर्तुगीज, पण उभे आहे ते काँक्रीटचे, १९७७ साली पूर्ण झालेले साल्व्हासांव चर्च. जागा मात्र सोळाव्या शतकापासूनची. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, मूळचे गोमंतकीय. त्यांनी एकच भव्य दालन न उभारता छपराखालच्या जागा आणि मोकळी अंगणे एकमेकांत गुंफली. वर निमुळत्या होत गेलेल्या छपरांतून उजेड खाली उतरतो, गरम हवा वर निघून जाते. सणाला गर्दी वाढली की माणसे अंगणात सामावतात. आपल्या देवळांच्या प्राकारात जत्रेच्या दिवशी दुसरे काय होते?

त्याच कोरियांची कला अकादमी, म्हणजे नाट्यगृहांची वास्तू, आपल्या पणजीत कांपालला आहे. जुलै २०२३मध्ये तिथल्या खुल्या रंगमंचाचे छत कोसळले, तेव्हा आरोप-प्रत्यारोपच जास्त ऐकू आले. खाऱ्या हवेत काँक्रीटमधल्या सळ्या गंजून फुगतात, खपल्या निघतात. अशा वेळी वरून गिलावा-रंग चढवणे म्हणजे दुखणे झाकणे. आधी मूळ आराखडे पाहायचे, काँक्रीट तपासायचे, मग हात लावायचा. दादरचे चर्च काय किंवा अकादमी काय, जाणकारांशिवाय डागडुजी नको. पावसाळ्यासाठी वर पत्र्याची शेड तर नकोच नको. छपराच्या आकारातच सगळी करामत आहे.

पुराणवास्तूंच्या १९५८च्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांची अट आहे. त्या हिशेबाने दादरच्या चर्चला २०७७पर्यंत थांबावे लागेल. तोवर काँक्रीट थांबेल का? गोवा सरकारने विसाव्या शतकातील इमारतींची वेगळी यादी करावी, सुरुवात कला अकादमीपासून करावी, आणि त्यांच्या दुरुस्तीचा आराखडा निविदा काढण्याआधी लोकांपुढे ठेवावा.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक, फोंडा