फोटोंच्या फोल्डरबद्दल, आई-अण्णांना

पुणे

ती. अण्णा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

अण्णा, सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये टाकले तर चालतील का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. चालणार नाहीत. का नाहीत आणि त्याऐवजी काय करायचं, ते फोनवर सांगून लक्षात राहायचं नाही, म्हणून लिहून पाठवते. हे कागद कॉम्प्युटरच्या टेबलावरच राहू द्या.

कॅमेरा फोटोला नाव देतो ते नुसता नंबर. चार आकडी नंबर ९९९९ पर्यंत जातो आणि परत ०००१ पासून सुरू होतो. कार्ड बदललं, कॅमेरा बदलला तरी तेच. म्हणजे एकाच नावाचे दोन वेगळे फोटो तुमच्याकडे असणारच. ते एका फोल्डरमध्ये आले की विंडोज विचारतं, ‘रिप्लेस’ करू की ‘स्किप’? घाईत ‘रिप्लेस’ दाबलं की जुना फोटो गेला, आणि तो रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. तो प्रश्न आला की कॉपी थांबवा आणि नवीन फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या.

आता मांडणी. डी ड्राइव्हवर ‘फोटो’ नावाचं एक फोल्डर. त्यात दर वर्षाचं एक. वर्षाच्या आत प्रसंगाचं एक, त्याचं नाव असं:

२०२४-०५-१० आखाजी भुसावळ
२०२४-०८-११ कानबाई चाळीसगावच्या मामांकडे

आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. महिना-दिवस एक आकडी असेल तर पुढे शून्य. असं केलं की फोल्डरं आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात, काही करावं लागत नाही. आपल्या सवयीप्रमाणे दिवस आधी लिहिला तर दर महिन्याची १ तारीख एकापाठोपाठ एक येते. तिरकी रेघ टाकू नका, विंडोज ती फाइलच्या नावात घेतच नाही. प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखी दोन टिंबंही घेत नाही. पत्रात मी आकडे मराठीत लिहिलेत, कॉम्प्युटरवर इंग्रजीच टाका. निम्मे असे, निम्मे तसे झाले की शोधायला घोटाळा होतो.

आई, तू म्हणशील तारखा कशाला, आखाजी म्हटलं की कळतं. पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २०२३ मध्ये २२ एप्रिलला होती आणि २०२४ मध्ये १० मे रोजी. तारखेने क्रम लागतो आणि सणाच्या नावाने शोधता येतं, दोन्ही हवं. शोधायच्या चौकटीत नुसतं ‘आखाजी’ टाइप केलं की सगळ्या वर्षांच्या आखाज्या समोर येतात. मात्र कानबाईच्या सणाला एकदा ‘कानबाई’ लिहिलं की दर वर्षी ‘कानबाई’च लिहायचं. एका वर्षी ‘कानुबाई’, एका वर्षी ‘कानुमाता’ केलं तर तेवढी वर्षं शोधात येणार नाहीत. तसंच माणसांचं. मामा म्हणजे कोणते मामा, हे पन्नास वर्षांनी कोणाला कळणार? गावासकट लिहा: चाळीसगावचे मामा, शिरपूरचे मामा.

टाइप करताना युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल. ऑफिसात श्रीलिपी किंवा कृतिदेववर बसलेला हात तोच लेआउट शोधतो, पण त्या जुन्या फॉन्टचं टायपिंग फाइलच्या नावात मराठी दिसत नाही, इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. अक्षरांचं रूप फॉन्टमध्ये असतं आणि फाइलच्या नावाला फॉन्ट निवडता येत नाही. टास्कबारवर मराठी कीबोर्ड घालून ठेवलाय, विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबलं की बदलतो.

हे सगळं नावातच लिहा म्हणते, कारण प्रोग्रामचा भरवसा नाही. अण्णा, तुम्ही पिकासा या फोटोंच्या प्रोग्राममध्ये बसून चेहऱ्यांना नावं दिलीत. गूगलने पिकासा २०१६ मध्ये बंद केलं. जुन्या कॉम्प्युटरवर ते अजून उघडतं, पण दिलेली नावं सहसा पिकासाच्या स्वतःच्या नोंदींत राहतात आणि दुसरा प्रोग्राम त्या वाचत नाही. पिकासात उजळ केलेले, कापलेले फोटोही तसेच. ‘सेव्ह’ केलं नसेल तर बदल नुसता दाखवण्यापुरता असतो, मूळ फाइल होती तशीच. म्हणून जुना कॉम्प्युटर चालतोय तोवर पिकासा उघडून आवडीचे सुधारलेले फोटो ‘एक्स्पोर्ट’ने वेगळ्या फोल्डरमध्ये काढून घ्या. चेहऱ्यांच्या नावांची यादी कागदावर उतरवली तरी चालेल.

फोटो कधीचा हे ठरवताना फाइलच्या तारखेवर जाऊ नका. एका डिस्कवरून दुसरीवर नेताना, डाउनलोड करताना ती बदलू शकते. खरी तारीख फोटोच्या पोटात असते: फाइलवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डिटेल्स’, तिथे ‘डेट टेकन’. कॅमेऱ्याची बॅटरी बरेच महिने उतरलेली राहिली तर त्याचं घड्याळ मुळापासून सुरू होतं, तेव्हा अख्खा समारंभ भलत्याच वर्षातल्या १ जानेवारीला झालेला दिसतो. अशा वेळी फोल्डरच्या नावात खरी तारीख टाका आणि पुढे चला. आतली तारीख नंतर एकगठ्ठा बदलता येते, ते माझ्यावर सोडा.

व्हॉट्सअॅपचे फोटो या हिशोबात धरूच नका. तिथून आलेल्या फोटोत ‘डेट टेकन’ नसतं, व्हॉट्सअॅप ते काढून टाकतं. नावात आकडे दिसतात, आयएमजी पुढे आठ आकडे आणि मग डब्ल्यूए, ते फोटो फोनमध्ये आला त्या दिवसाचे. दहा वर्षांपूर्वीचं लग्न कोणी काल पाठवलं तर त्यावर कालची तारीख. शिवाय फोटो लहान होतो. मोबाइलचा मूळ फोटो ३ ते ५ एमबीचा, व्हॉट्सअॅपने साध्या दर्जात पाठवलेला काहीशे केबीचा. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल उरते, आणि चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे जेमतेम पाच इंच. फ्रेम करायला काढला की चेहरे पुसट येतात आणि दोष स्टुडिओवाल्याला. म्हणून लग्नाचे फोटो मागताना पोरांना सांगा, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. तसं पाठवलं की फाइल जशीच्या तशी येते. नाहीतर सरळ पेनड्राइव्ह द्या. व्हॉट्सअॅपच्या फोटोंना वेगळं फोल्डर करा. सुप्रभात आणि गुलाबाची फुलं बिनधास्त उडवा. पुढे येऊच नयेत म्हणून सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त जाऊन फोटो आपोआप उतरणं बंद करा.

फोनमधून कॉम्प्युटरवर घेताना: केबल लावली की फोन नुसता चार्ज होतो. वरून खाली ओढल्यावर यूएसबीची सूचना दिसते, तिच्यावर बोट ठेवून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. काहीच दिसत नसेल तर केबल बदलून बघा. काही केबलींत डेटाच्या तारा नसतातच. मग कॉम्प्युटरवर फोनचं नाव, ‘इंटर्नल स्टोरेज’, ‘डीसीआयएम’, ‘कॅमेरा’. एका वेळी तीन-चारशेच घ्या, हजारांनी घेतले की मध्येच अडकतं. आणि कायम ‘कॉपी’ करा, ‘कट’ नाही. ‘कट’ करताना केबल हलली तर फाइल इकडेही नाही, तिकडेही नाही अशी गत होऊ शकते. झाल्यावर दोन्हीकडे निवडलेल्या फोटोंची संख्या जुळते का बघा. दोन-चार फोटो उघडून बघा. फोनमधले मात्र लगेच पुसू नका.

कधी पुसायचे? दुसरी प्रत झाल्यावर. बियाणं कोणी सगळंच्या सगळं एका कणगीत ठेवत नाही, तसंच हे. अण्णा, डी ड्राइव्हवर कॉपी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे आहेत. विंडोज नव्याने टाकताना सी पुसलं तरी डी वाचतं, एवढाच त्याचा उपयोग; डिस्क गेली की दोन्ही जातात. फोटोवाल्यांत तीन-दोन-एकचा नियम चालतो, पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने तो रूढ केला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आपल्यासाठी मी तो असा बसवलाय: एक प्रत कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर भुसावळला, एक तशाच दुसऱ्या डिस्कवर धुळ्याला ताईकडे. दोन्ही डिस्क एकाच जातीच्या, म्हणून मोजक्या फोटोंचे छापील अल्बम काढून घ्यायचे.

२ टीबीची एक घेण्यापेक्षा १ टीबीच्या दोन बऱ्या. ४ एमबीचा एक फोटो धरला तर एकीत अडीच लाख फोटो मावतात, आपल्याला जन्मभर पुरेल. डिस्क लावल्यावर १ टीबीऐवजी ९३१ जीबी दिसतील. दुकानदाराने फसवलेलं नाही. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. पेनड्राइव्ह न्यायला-आणायला ठीक, सांभाळून ठेवायला नाही. त्यातली माहिती विजेच्या भारावर टिकते आणि वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर तो भार उतरत जातो.

भुसावळच्या उन्हाचं वेगळं सांगते. असल्या डिस्कच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान बहुधा ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५ असतं आणि दुपारी वरच्या खोलीत डिस्क तासभर फिरली तर ती स्वतःही तापते. म्हणून एप्रिल-मे मध्ये कॉपीचं काम पहाटे, खालच्या खोलीत करा. धुळ्याला नेताना डिस्क गाडीच्या पुढच्या काचेखाली ठेवू नका, पिशवीत कपड्यांत गुंडाळून न्या. चालू डिस्क उचलू नका, उभी ठेवू नका. लाइट जाते म्हणून यूपीएस चालू असल्याशिवाय मोठी कॉपी सुरू करायची नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर ती फाइलच काय, फोल्डरांची यादीही बिघडू शकते. काढताना ‘सेफली रिमूव्ह’ करून दिवा थांबला की मगच वायर ओढा.

दोन्ही डिस्कवर अ आणि ब अशा चिठ्ठ्या लावा, शेवटची कॉपी कधी केली ते खाली. आखाजीला आणि दिवाळीला ताई येते तेव्हा अदलाबदल करायची. कॉपीसाठी फ्रीफाइलसिंक हा प्रोग्राम टाकून देते, फुकट आहे. त्यात ‘मिरर’ आणि ‘अपडेट’ असे पर्याय आहेत. ‘अपडेट’च निवडा. ‘मिरर’ डिस्कला कॉम्प्युटरसारखंच हुबेहूब करतं, म्हणजे कॉम्प्युटरवर चुकून पुसलेलं तिथेही पुसतं.

डिस्क लावल्यावर कधी ‘फॉरमॅट करा’ असा संदेश आला तर ‘कॅन्सल’. टिकटिक आवाज आला तर लगेच बंद करा आणि पुन्हा लावून बघू नका. कॅमेऱ्याच्या कार्डावरून फोटो पुसले गेले तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. जागा दुसऱ्याने भरली नसेल तर पुसलेले फोटो बऱ्याचदा परत काढता येतात.

गूगल फोटोजबद्दल थोडक्यात. १५ जीबी फुकट मिळतात, जीमेल आणि ड्राइव्ह धरून. राहू द्या, पण ती आपली प्रत धरू नका. फोनमधल्या गूगल फोटोज अॅपमध्ये पुसलेला फोटो तिथूनही जातो, ६० दिवस कचऱ्याच्या डब्यात राहतो, मग संपला.

लग्नाच्या डीव्हीड्या कपाटात आहेत त्या वाचल्या जातायत तोवर डिस्कवर घ्या. ‘व्हिडिओ टीएस’ हे अख्खं फोल्डर उचलायचं, त्यातल्या एक-एक जीबीच्या फाइली सुट्या करायच्या नाहीत. व्हीएलसी प्लेयरमध्ये चालतं.

आता आई, खरं काम तुझं. ट्रंकेतले काळे-पांढरे फोटो. स्कॅन अण्णा करतील: ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), काच आधी मऊ कपड्याने पुसून, फोटो कोरड्या हातांनी कडेला धरून. अल्बमला चिकटलेला फोटो ओढायचा नाही, पानासकट स्कॅन करायचा. मागे काही लिहिलेलं असेल तर मागची बाजूही, त्याच नावाने, पुढे ‘मागे’ लिहून. नवीन काही लिहायचं तर मऊ पेन्सिलने. बॉलपेन दाबलं की पुढून उठतं. फाइलचं नाव स्कॅनच्या तारखेचं नको, फोटोच्या वर्षाचं हवं. नक्की माहीत नसेल तर ‘१९७४ अंदाजे अमळनेर लग्न’.

फोटोत कोण कोण आहे ते मात्र तुझ्याशिवाय कोणाला येणार नाही. फाइलच्या नावात सगळे मावत नाहीत, फोल्डरांसकट नाव २६० अक्षरांच्या आत असावं लागतं. म्हणून प्रत्येक फोल्डरमध्ये नोटपॅडची एक फाइल करा, नाव ‘कोण कोण’. आई सांगेल, अण्णा लिहितील: फोटोचा नंबर, मग मागची रांग डावीकडून, मग पुढची रांग डावीकडून, नाव, माहेर-सासर, गाव. ओळखू येत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहा, जागा गाळू नका, नाहीतर पुढची सगळी नावं एकेकाने सरकतात. जुन्या कॉम्प्युटरवर ‘सेव्ह अॅज’ करताना खाली ‘एन्कोडिंग’मध्ये यूटीएफ-८ निवडा. तिथे एएनएसआय राहिलं तर उघडल्यावर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत.

सुरुवात आजीच्या माहेरच्या फोटोंपासून करा, त्यातले चेहरे ओळखणारं आता तुझ्याशिवाय कोणी नाही. मोबाइलचे फोटो राहिले तर मी आल्यावर लावते. दोन्ही डिस्क इकडून घेऊन येते, तिकडे विकत घेऊ नका. यूपीएसची बॅटरी तेवढी बघून घ्या अण्णा. लाइट गेल्यावर पाच मिनिटंही टिकत नसेल तर बदला.

तुमची,
छोटी