रिकामी जागा एका पावसाळ्यापुरती द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परळ-लालबाग भागात आमच्या घराजवळ उड्डाणपुलाखालच्या जागेचे सुशोभीकरण झाले, तेव्हा आम्हा रहिवाशांना खूप बरे वाटले होते. खाली प्लास्टिकची हिरवळ, खांबांवर फुलपाखरे, ओळीने कुंड्या आणि भोवती लोखंडी जाळी. पुलाखाली पावसाचा थेंब पोहोचत नाही आणि पाणी घालायला येणारा माणूस काही महिन्यांनी यायचा बंद झाला. झाडे वाळली. आता त्या जाळीच्या आत बेवारस दुचाक्या आणि राडारोड्याच्या गोण्या पडल्या आहेत.

मी निवृत्त चित्रकला शिक्षिका आहे. काळा घोडा कला महोत्सवातली मांडणशिल्पे, म्हणजे जागेत वस्तू मांडून केलेल्या कलाकृती, दाखवायला मी फेब्रुवारीत मुलांना फोर्टात नेत असे. तसे काही आमच्या गिरणगावातल्या पडीक जागांवर व्हावे आणि त्यात खरी माती, खरे पीक असावे, असे मला मनापासून वाटते.

हे होऊ शकते, याचा दाखला जुना आहे. 1982 मध्ये, आमच्याकडे गिरण्यांचा संप चालू होता त्याच वर्षी, अ‍ॅग्नेस डेनेस या कलावतीने न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या टोकाला भर घातलेल्या दोन एकर जमिनीवर गहू पेरला. जागतिक व्यापार केंद्राच्या पायाची माती टाकून तयार झालेली ती जमीन होती, वॉल स्ट्रीट तिथून हाकेच्या अंतरावर. दोनशे ट्रक माती आणली, दगड आणि कचरा वेचून 285 सऱ्या हाताने काढल्या, बी हातानेच टाकले. मे महिन्यात पेरलेल्या पिकाची कापणी 16 ऑगस्टला झाली आणि हजार पौंडांहून अधिक गहू निघाला. दोन एकरांत साधारण साडेचार क्विंटल म्हणजे आपल्याकडचा शेतकरी नाक मुरडेल, पण साडेचार अब्ज डॉलर किमतीच्या जागेवर धान्य का पिकवू नये, हा तिचा प्रश्न होता. पुढे तिथे इमारती झाल्या. होणारच होत्या.

तात्पुरतेपणा हे अशा कामाचे बळ आहे, असे माझे मत आहे. जागेची मालकी बदलत नाही, आराखडा बदलत नाही, कोणाचे बांधकाम अडत नाही. शिवाय लोकांना एकदा जागा आपली वाटली की कधी कधी ती टिकतेही. 2009 मध्ये लंडनच्या डाल्स्टन भागात, रेल्वेच्या ओसाड पट्ट्यावर याच गव्हाच्या शेताची छोटी आवृत्ती काही आठवडे मांडली होती. पुढच्याच वर्षी तिथे लोकांसाठी बाग झाली.

आमच्याकडे जागा नाहीत असे नाही. 1991 च्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 प्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या जागांसाठी मिळायचा होता. 2001 च्या बदलाने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि गिरणगावाच्या वाट्याची मैदाने गेली. ते परत येणार नाही, हे मला कळते. पण काम सुरू व्हायची वाट पाहत पत्रे ठोकून ठेवलेले भूखंड आजही दिसतात. तिथे गहू नको, मुंबईच्या हवेत तो नीट यायचा नाही. नाचणी लावावी. माझे माहेर कोकणातले. मृगावर रोप टाकायचे, जुलैत वीत-वीत अंतरावर लावणी करायची. गणपतीच्या सुमाराला कणसांच्या मुठी वळू लागतात आणि दसरा-दिवाळीच्या दरम्यान पीक कापायला येते. कडेने झेंडू लावला तर दसऱ्याला तोरणे वाड्या-चाळींतच होतील. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला दिसावे म्हणून पत्र्यांच्या जागी जाळी लावावी.

पुलाखाली मात्र ऊन नाही, तिथे नाचणी चालणार नाही. तिथे नेचे, अळू, मनी प्लांट अशी सावलीत तगणारी झाडे हवीत. पावसात पुलावरचे पाणी खांबालगतच्या पाइपांतून धो धो उतरते आणि गटारात जाते. सुरुवातीच्या सरींचे तेलकट पाणी सोडून पुढचे पिंपांत अडवले तर चार महिने टँकर लागणार नाही. कला महाविद्यालयातल्या मुलांनी ते पाइप आणि ती पिंपे घेऊनच मांडणशिल्प करावे. माटुंग्याला उड्डाणपुलाखाली रहिवाशांच्या पाठपुराव्याने 2016 मध्ये उद्यान झाले, नर्मदेच्या प्रवाहासारखी पायवाट असलेले. तिथे लोक रोज चालायला येतात.

पालिकेकडे माझे मागणे एवढेच आहे. प्रत्येक वॉर्डातल्या, वर्षभरात काम सुरू होणार नाही अशा जागांची यादी लावावी आणि त्या जून ते ऑक्टोबर शाळा, कला महाविद्यालये व रहिवाशांना विनाशुल्क द्याव्यात. परवानगी वॉर्ड ऑफिसातच मिळावी. राडारोडा उचलून माती भरायला एप्रिल-मे लागतो, म्हणून निर्णय मार्चअखेर व्हायला हवा. मुलांना लावणी शिकवायला मी स्वतः येईन. आमच्या चाळीतल्या कोकणातून आलेल्या बायकाही तयार आहेत.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, परळ, मुंबई