गेंटहून मास्तरांस पत्र

गेंट, बेल्जियम
दि. ४ सप्टेंबर २०२२

प्रिय मास्तर,

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या फलाटावर तू मला निरोप देताना एकच काम सांगितले होतेस, "कोकराचे डोळे नीट बघून ये." आसपासच्या लोकांना वाटले असेल की हा गृहस्थ मेंढरांच्या बाजाराला निघाला आहे. इथल्या कॅथीड्रलमधल्या जुन्या चित्रातले ते कोकरू पाहिले, तुझे काम झाले आहे, पण चार ओळींच्या निरोपात ते सांगण्यासारखे नाही, म्हणून सूनबाईकडून कागद मागून घेऊन बसलो आहे. मुलाच्या घरी येऊन आम्हांला तीन आठवडे झाले. त्यातले निम्मे दिवस पाऊस होता, आणि उरलेल्या निम्म्या दिवसांत मी हे शहर पायी पालथे घातले.

बेल्जियमला येणारे आपले लोक ब्रुसेल्स पाहतात, ब्रुग्जला जाऊन होडीत बसतात, आणि मधल्या गेंटला रेल्वेच्या खिडकीतून हात करतात. ब्रुसेल्सहून गाडीने जेमतेम अर्ध्या तासाचे अंतर आहे. ब्रुग्ज अधिक सुंदर आहे हे मी मान्य करतो, पण संध्याकाळी प्रवासी निघून गेले की तिथे दुकानाची फळी ओढल्यासारखे वाटते. गेंट मात्र रात्रीही जागे असते. लेई आणि स्खेल्डे या दोन नद्यांच्या संगमावर वसलेल्या या गावात १८१७ सालापासूनचे विद्यापीठ आहे, त्यामुळे जुन्या दगडांवर बसून बडबडणाऱ्या मुलामुलींची इथे कधी कमतरता नसते. बेंझिनच्या वर्तुळाकार रचनेची कल्पना १८६५ साली मांडणारा केकुले त्या वेळी याच विद्यापीठात शिकवत होता, हे तुमच्या शाळेतल्या रसायनशास्त्राच्या सरांना अवश्य सांग.

पाहण्याची सुरुवात सेंट मायकेलच्या पुलावरून करावी, असे सगळेच सांगतात आणि त्यात ते चुकत नाहीत. पुलाच्या मध्यावर उभे राहिले की सेंट निकोलसचे चर्च, नगराचा घंटामनोरा आणि सेंट बावोचे कॅथीड्रल असे तीन मनोरे एकामागे एक ओळीने दिसतात. पुलाखालच्या पाण्याच्या एका काठाला ग्रासलेई आणि समोरच्या काठाला कोरेनलेई म्हणतात. मध्ययुगात इथे धान्याच्या नावा लागत. येणाऱ्या धान्याचा ठरावीक भाग गेंटमध्ये उतरवून विक्रीला ठेवलाच पाहिजे असा या नगराचा हक्क होता, आणि त्या हक्कावरच हे काठावरचे वाडे उभे राहिले. सर्वांत जुने धान्याचे कोठार सुमारे आठशे वर्षांचे आहे, भिंती जाड आणि चेहरा करडा. त्याला चिकटून जकात वसूल करणाऱ्याचे इवलेसे घर आहे, इतके अरुंद की दोन माणसांनी आत एकदम वळायचे म्हटले तर आधी सल्लामसलत करावी लागेल.

आता एक गोष्ट तुला सांगितलीच पाहिजे, कारण तू चित्रकार आहेस आणि तुला फसवणे मला जमणार नाही. हा पूल मध्ययुगातला नाही. तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेला आहे. १९१३ साली इथे जागतिक प्रदर्शन भरले, त्याच्या आधी गावाने काठावरच्या घरांची दर्शनी अंगे दुरुस्त केली, काही ठिकाणी नव्याने घडवली, मनोऱ्यांच्या आड येणारी घरे पाडली, आणि पाहुण्यांना हवे तसे जुने गाव सजवून ठेवले. हे कळल्यावर पहिले दोन दिवस माझी थोडी चिडचिड झाली. मग आपल्याकडे लग्नाआधी घराला रंग देतात ते आठवले आणि मी गप्प बसलो.

आता कोकराकडे येतो. सेंट बावोच्या कॅथीड्रलमध्ये ह्यूबर्ट आणि यान व्हॅन आइक या भावांनी १४३२ साली पूर्ण केलेला तो चित्रफलकांचा संच आहे, ज्याचा पुस्तकातून कापलेला, करपट रंगाचा छापील कागद तुझ्या वर्गाच्या भिंतीवर तीस वर्षे होता. तो कागद विसर. प्रत्यक्षात हे प्रकरण उघडल्यावर सुमारे साडेचार मीटर रुंद आणि साडेतीन मीटरच्या आसपास उंच भरते. खाली हिरव्या कुरणात वेदीवर कोकरू, म्हणजे बळी गेलेल्या ख्रिस्ताचे प्रतीक, उभे आहे, त्याच्या छातीतून रक्ताची धार पात्रात पडते आहे, आणि चारही कोपऱ्यांतून माणसांचे जथे त्याच्याकडे चालले आहेत, अगदी वाखरीच्या पालख्यांसारखे. वर लाल वस्त्रातला ईश्वर, त्याच्या दोन्ही बाजूंना मेरी आणि योहान, मग गाणारे आणि वाजवणारे देवदूत, आणि दोन टोकांना आदम आणि ईव्ह. गाणाऱ्यांची तोंडे अशी रंगवली आहेत की कोण वरच्या पट्टीत आहे आणि कोण खालच्या, हे ऐकू न येताही कळावे. आदमचे एक पाऊल किंचित पुढे आले आहे आणि त्याचा तळवा खालून दिसतो, कारण चित्रकाराने हिशेब केला होता की बघणारा खाली उभा असणार.

तू नेहमी म्हणायचास की तैलरंगाचा शोध व्हॅन आइकने लावला ही कथा खोटी आहे, रंग आधीपासून होते, त्याने फक्त संयम आणला. तो संयम मी पाहिला. ईश्वराच्या वस्त्रावरच्या रत्नांत प्रकाश वरून लावलेला नाही, पातळ रंगाच्या थरांवर थर चढवत तो आतून उजळवला आहे. कुरणातली झाडेझुडपे वनस्पतिशास्त्रज्ञ नावानिशी ओळखतात.

आणि डोळे. सोळाव्या शतकात कुणी तरी मूळ कोकरावर दुसरे कोकरू रंगवून ठेवले होते, शांत, भोळे, मेंढरासारखेच मेंढरू. तुझ्या कागदावर तेच आहे. १९५० च्या सुमारास डोक्याभोवतीचा थोडा वरचा रंग काढला तेव्हा खालचे जुने कान वर आले, पण नवे कान तसेच राहिले, आणि पुढची कित्येक दशके त्या बिचाऱ्याला चार कान होते. तुझ्या कागदावर तू ते कधी मोजले होतेस का? २०१२ साली सुरू झालेल्या जीर्णोद्धारात वरचा रंग सूक्ष्मदर्शकाखाली, शल्यवैद्याच्या चाकूने, कणाकणाने खरवडून काढला आणि २०२० च्या सुरुवातीला मूळ चेहरा लोकांसमोर आला. जगाने त्याची थट्टा केली. कारण हे कोकरू सरळ आपल्याकडे पाहते. डोळे माणसासारखे समोर आहेत, जवळजवळ आहेत, ओठ मिटलेले आहेत. मी जवळपास तास-दीड तास तिथे होतो आणि मला थट्टा सुचली नाही. आपल्या गावच्या जत्रेत बोकडाला कुंकू लावून उभा करतात तेव्हा तो एकदा वर पाहतो, ती नजर तुला आठवते का? मला तीच आठवली. फरक एवढाच की याला सगळे ठाऊक आहे.

एक तक्रार मात्र नोंदवतो. हे चित्र ज्या छोट्या प्रार्थनाकक्षासाठी काढले, त्याच्या खिडक्यांतून येणारा उजेड उजव्या बाजूचा होता, म्हणून यानने चित्रातल्या सावल्याही उजव्या बाजूच्या उजेडाच्या धरल्या, इतक्या काटेकोरपणे की बाहेरच्या फलकांवर चौकटींच्या सावल्यासुद्धा रंगवल्या आहेत. २०२१ पासून चित्र दुसऱ्या कक्षात, काचेच्या प्रचंड पेटीत आहे. तिथे तापमान आणि आर्द्रता सांभाळली जाते आणि चित्राला प्रदक्षिणा घालून मागची बाजूही पाहता येते, हे चांगलेच आहे. पण खिडकीशी चित्राचा जो करार होता तो मोडला. मी मूळ कक्षात जाऊन पाच मिनिटे उभा राहिलो आणि उजवीकडच्या खिडकीकडे पाहून परत आलो. माझ्यासारखे करणारे आणखी कुणी तिथे दिसले नाही.

या चित्रावर जे प्रसंग आले ते ऐकशील तर आपल्याकडच्या देवांच्या मूर्ती लपवण्याच्या कथा आठवतील. १५६६ साली मूर्तिभंजकांचा जमाव आला तेव्हा ते मनोऱ्यात लपवले होते. १७९४ साली फ्रेंच फौजेने मधले फलक पॅरिसला नेले, ते १८१५ साली परत आले. पुढच्याच वर्षी बाजूचे फलक इथल्याच लोकांनी विकले आणि ते फिरत फिरत बर्लिनला पोहोचले. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहात जर्मनीने ते परत करावेत असे कलम घालावे लागले. नग्न आदम आणि ईव्ह यांच्या जागी एकोणिसाव्या शतकात कातडी पांघरलेली जोडी रंगवून बसवली होती. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी सगळा संच ऑस्ट्रियातल्या आल्टआउसेच्या मिठाच्या खाणीत दडवला, तो १९४५ साली सापडला. आणि तरीही हा संच आज पूर्ण नाही. १९३४ सालच्या एप्रिलमध्ये एका रात्री खालच्या डाव्या कोपऱ्यातला ‘न्यायी न्यायाधीश’ हा फलक चोरीला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस एका दलालाने मृत्युशय्येवर सांगितले की तो कुठे आहे हे फक्त मला माहीत आहे, आणि ते न सांगताच प्राण सोडला. आज तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केलेली नक्कल आहे. नव्वदीकडे झुकलेल्या या चोरीविषयी इथली माणसे अजून अशी बोलतात, जणू सायकल परवा हरवली आहे. मुलाच्या शेजारच्या आजोबांचे या विषयावर ठाम मत आहे आणि ते दर आठवड्याला बदलते.

गेंटमध्ये फिरताना मला सगळ्यांत जास्त जाणवले ते हेच, की हे गाव आपली हार लपवत नाही. सम्राट पाचवा चार्ल्स १५०० साली इथेच जन्मला. त्याच्या युद्धासाठी लादलेला कर नाकारून गेंटने १५३९ साली बंड केले, तेव्हा तो सैन्य घेऊन आपल्या जन्मगावी आला, नगराचे हक्क काढून घेतले, आणि १५४० सालच्या मे महिन्यात प्रतिष्ठित नागरिकांना अनवाणी चालत येऊन क्षमा मागायला लावली. त्यांतल्या अनेकांच्या गळ्यात फासाचा दोर होता. आणि गंमत पाहा, गेंटकर आज स्वतःला अभिमानाने ‘स्ट्रोपेनड्राखर्स’, म्हणजे फास वागवणारे, म्हणवतात. जुलैतल्या दहा दिवसांच्या नगर-उत्सवात पांढरे झगे आणि गळ्यात दोर घातलेली माणसे मिरवणूक काढतात. सम्राट जन्मला तो प्रिन्सेनहोफ वाडा जवळजवळ सगळा नाहीसा झाला आहे, फक्त एक वेस उरली आहे, पण तिच्याजवळ पुतळा उभा आहे तो दोरवाल्या माणसाचा.

घंटामनोऱ्याचेही तेच. ९१ मीटर उंचीच्या या मनोऱ्यावर सोनेरी ताम्रपत्र्याचा ड्रॅगन पहारा देतो. सहा टनांहून जड अशी ‘ट्रायोम्फांते’ ही घंटा १९१४ साली तडकली. दुसरे कुणी असते तर ती वितळवून नवी ओतून घेतली असती. इथे ती तडकलेली घंटा मनोऱ्याशेजारच्या चौकात मांडून ठेवली आहे आणि मुले तड्यावर बोट फिरवून जातात.

किल्ल्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण किल्ल्यांच्या बाबतीत आपण दोघेही फार लाडावलेले आहोत. फ्लँडर्सचा काउंट फिलिप याने ११८० साली बांधलेला ग्राफेनस्टेन गावाच्या मधोमध, पाण्याच्या कडेला उभा आहे. त्याला चढण नाही, दमछाक नाही, त्यामुळे मला तो थोडा वाड्यासारखा वाटला. मात्र एकोणिसाव्या शतकात या किल्ल्यात सूतगिरणी चालत होती हे वाचून मी थबकलो. ब्रिटनने सूतकताईच्या यंत्रांची निर्यात बंद केलेली असताना लिव्हेन बाऊवेन्स नावाच्या गेंटकराने त्यांचे सुटे भाग चोरून आणले आणि त्यातून हे गाव गिरणगाव झाले. एका जुन्या गिरणीत आता उद्योगांचे संग्रहालय आहे आणि तिथे ते यंत्र ठेवलेले आहे. त्याच्यासमोर उभा असताना मला शाहू मिलचा भोंगा ऐकू आल्यासारखा वाटला. तुझे वडील त्या भोंग्यावर घड्याळ लावत, आणि माझे वडील घड्याळ नसल्यामुळे थेट भोंग्यावरच चालत.

त्याच किल्ल्यात १९४९ साली विद्यार्थ्यांनी घुसून दरवाजे बंद केले होते. कारणांमध्ये बिअरची दरवाढ प्रमुख होती. याहून निर्मळ बंड माझ्या ऐकिवात नाही.

किल्ल्यासमोरच्या सिंट-फेअर्ले चौकात पूर्वी देहदंड दिला जाई. आता तिथल्या दिव्यांची तार गावातल्या प्रसूतिगृहांशी जोडलेली आहे. बाळ जन्मले की तिथे एक कळ दाबतात आणि चौकातले दिवे हळूहळू उजळून पुन्हा मंद होतात. आम्ही दोघे एका संध्याकाळी थांबलो होतो. पाऊण तास काही झाले नाही, थंडी वाजू लागली, आणि ही म्हणाली, "बाळंतपण घड्याळ पाहून होत नसते, चला." ट्रामच्या थांब्यावर पोहोचल्यावर मी मागे वळून पाहिले तर उजेड जरा वाढल्यासारखा वाटला. ही म्हणते, ढग सरकला.

खाण्याविषयी वहिनी विचारतील म्हणून सांगतो, हिचे हाल झाले नाहीत. या गावाने २००९ सालापासून गुरुवार हा शाकाहाराचा वार म्हणून चालवला आहे, त्यामुळे गुरुवारचा उपास करणाऱ्या आपल्या घराला ते फार जवळचे वाटले. वॉटरझोई नावाचे कोंबडीचे पातळ, सायीचे कालवण मी खाल्ले, ते आपल्या पांढऱ्या रश्श्याचे दूरचे, सोज्वळ भावंड आहे. तिखट मात्र कुणाच्याच स्वप्नात नाही. भाजीबाजारात १७९० सालापासूनच्या दुकानात मोहरीचे वाटण लाकडी पिंपातून काढून देतात, ते नाकात जाते. तेवढ्यावर मी तीन आठवडे काढले. त्याच बाजारात जांभळ्या रंगाची, नाकाच्या आकाराची, आत पाक भरलेली मिठाई मिळते. ती फार दिवस टिकत नाही, म्हणून तुझ्या नातवासाठी आणता येणार नाही, हे त्याला आधीच सांगून ठेव.

या पत्रासोबत कोकराच्या चेहऱ्याची दोन मोठी चित्रकार्डे पाठवत आहे, एक जीर्णोद्धाराआधीचे आणि एक नंतरचे. दोन्ही शेजारी ठेव, आणि मूळच्या डोळ्याचे एक रेखाटन पेन्सिलीने करून मला पाठव. मी तिथे वहीत प्रयत्न केला होता, पण ते मेंढरू झाले. नवीन चष्म्याची सबब चालणार नाही. आम्ही ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत इथेच आहोत, पत्ता पाकिटाच्या मागे आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दुसऱ्या बाकावरचा