खोक्यावर लिहिलं होतं, ‘ठेवा, विकू नका’

बर्मिंगहॅम, अलाबामा
रविवार, रात्रीचे अकरा

ती. बाबा आणि आईस सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवटच राहिलं. “टीव्ही नसता तर अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंगला कोण विचारत होतं?” असं म्हणून तुम्ही फोन आईकडे दिलात, आणि तिने थेट पुरणपोळीचा विषय काढला. तुमच्याशी फोनवर भांडून कुणी जिंकल्याचं घरात ऐकिवात नाही, म्हणून कागद काढलाय.

काल केली इनग्राम पार्कात गेले होते. आपल्या सारसबागेपेक्षा कितीतरी लहान. पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी धातूचे कुत्रे अंगावर झेपावतात, जबडे उघडे, आणि तुम्हाला त्यांच्या मधूनच जावं लागतं. पुतळे आहेत हे माहीत असूनही मी पर्स पोटाशी घट्ट धरली. मे १९६३ मध्ये इथेच, वर्णभेदाविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या कृष्णवर्णीय शाळकरी पोरांवर शहराचा पोलीस कारभार बघणाऱ्या बुल कॉनरच्या पोलिसांनी कुत्रे सोडले, बंबाच्या पाण्याचा मारा केला. एका तरुण मुलाच्या पोटाशी कुत्रा झेपावतोय, असा एपी या वृत्तसंस्थेच्या बिल हडसनचा फोटो ४ मेच्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये पहिल्या पानावर आला. ११ जूनला राष्ट्राध्यक्ष केनेडी टीव्हीवरून देशाशी बोलले आणि २ जुलै १९६४ ला नागरी हक्कांचा कायदा झाला. इथपर्यंत तुमचं म्हणणं कबूल.

पण ती पोरं बागेत जमली कशी, हे तुम्ही विचारलंच नाहीत. गावात कृष्णवर्णीयांसाठीचा रेडिओ होता. त्यावर गाणी लावणारे ‘टॉल पॉल’ नावाचे निवेदक होते. त्यांनी गाण्यांच्या मधे सांगून टाकलं, बागेत पार्टी आहे, येताना टूथब्रश आणा. गोऱ्या श्रोत्याला त्यात काय कळणार? पोरांना मात्र बरोबर कळलं, रात्र तुरुंगात काढायचीय. मला त्या कुत्र्यांपेक्षा हा टूथब्रशच जास्त लक्षात राहिला. त्याआधी १९५५ मध्ये, बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला तेव्हाही तेच. जो ॲन रॉबिन्सन या कॉलेजच्या प्राध्यापिकेने रात्रभर जागून हजारो पत्रकं यंत्रावर काढली, आपल्याकडच्या सायक्लोस्टाईलसारखी. कॅमेरे आले ते नंतर.

आणि कॅमेऱ्याचीही एक भूक असते, बाबा. बर्मिंगहॅमच्या आदल्या वर्षी जॉर्जियातल्या ऑल्बनीत आंदोलन झालं. तिथला पोलीसप्रमुख लॉरी प्रिचेट हुशार निघाला. लोकांसमोर मारहाण नाही, कुत्रे नाहीत. आंदोलकांना सभ्यपणे गाडीत बसवायचं आणि आजूबाजूच्या गावांच्या तुरुंगांत वाटून टाकायचं. कॅमेऱ्याला काही मिळालंच नाही आणि मागण्या जवळपास तशाच राहिल्या. अन्याय दोन्ही गावांत तोच, फरक फक्त दिसण्याचा. मिसिसिपीत जॅक्सनच्या एका टीव्ही केंद्राने तर याच्या पुढची तऱ्हा केली होती. कृष्णवर्णीयांचे वकील थर्गुड मार्शल पडद्यावर आले की ‘क्षमस्व, केबलमध्ये बिघाड’ अशी पाटी! लोक कोर्टात गेले, आणि १९६९ मध्ये त्या केंद्राचा परवानाच गेला.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. सगळं जग हे फोटो बघत होतं तेव्हा इथल्याच बर्मिंगहॅम न्यूजने ते पहिल्या पानावर येऊ दिले नाहीत. फोटो नव्हते असं नाही. त्यांच्याच फोटोग्राफरांनी रस्त्यात उभं राहून काढले होते. २००४ मध्ये तिथे शिकाऊ म्हणून काम करणाऱ्या एका मुलाला कपाटात एक खोकं सापडलं. आत हजारो निगेटिव्ह, आणि वर लिहिलेलं, ‘ठेवा, विकू नका’. त्यातले फोटो २००६ मध्ये छापून आले. घटनेनंतर त्रेचाळीस वर्षांनी!

हे वाचलं आणि मला आप्पांची ट्रंक आठवली.

आठवतंय ना, ते सांगायचे? प्रेसमध्ये रात्रपाळीला त्यांनी एका गावच्या विहिरीच्या भांडणाची बातमी जुळवली होती, अर्धा कॉलम. प्रूफ काढून झालं, आणि मालकांचा निरोप आला की ती जागा मंगल कार्यालयाच्या जाहिरातीला द्या. आप्पांनी अक्षरांचा एकेक खिळा परत खणात टाकला. “जुळवायला दीड तास, मोडायला वीस मिनिटं,” असं म्हणताना ते बोटं चोळायचे, अजून शाई लागलेली असल्यासारखी. पण प्रूफ त्यांनी फेकलं नाही. घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात घातलं. बाबासाहेबांच्या मूकनायकाची जाहिरात केसरीने पैसे देऊनही घेतली नव्हती, हे ते दर सहा डिसेंबरला ऐकवायचे आणि त्याला जोडूनच ही विहिरीची गोष्ट. लहानपणी मला दोन्हींचा कंटाळा यायचा, खरं सांगते.

तुम्ही म्हणाल, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, कोण काय दडपणार? २०२० मध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेलेल्या कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडबद्दल पोलिसांचं पहिलं निवेदन काय होतं, तर वैद्यकीय कारणाने मृत्यू. सतरा वर्षांच्या डार्नेला फ्रेझियरने फोनवर काढलेला व्हिडिओ फेसबुकवर टाकला, म्हणून ते टिकलं नाही. तिला कुणा मालकाचा निरोप आला नाही, एवढं तुमचं मी मानते. पण ती तिथे उभी राहिली, बाबा. हटली नाही. त्याचं श्रेय फोनला कसं द्यायचं?

तर काम असं आहे. माळ्यावरची ट्रंक खाली काढा. साधनेचा ऑगस्ट १९७२ चा तो गाजलेला अंकही त्यातच आहे, राजा ढालेंच्या ‘काळा स्वातंत्र्यदिन’ लेखाचा, पण आधी प्रूफ शोधा. बहुतेक पंचांगांच्या खाली असेल. आई, दिवाळीच्या आवराआवरीत तू रद्दीवाल्याला काय काय दिलंस ते मला माहीत नाही आणि आत्ता विचारतही नाही. सापडलं तर मला फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचे. मागे आप्पांच्या अक्षरात तारीख असणार. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटेल. बाबा, चष्मा लावून सावकाश उलगडा.

तुमची,
मनू