रक्त येते तिथेच ब्रश फिरव

चि. अनिकेत यास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता तू सहज सांगून गेलास की, उजवीकडच्या खालच्या दाढांना ब्रश लागला की रक्त येते, म्हणून आठवडाभर ती बाजू तू सोडूनच देतो आहेस. लगेच तू विषयही बदललास. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण असल्या गोष्टी फोनवर सांगायला गेले की ती नुसती कटकट वाटते. पण फोन ठेवल्यावर माझी जीभ आपोआप डावीकडच्या त्या मोकळ्या जागेवर जाऊन थांबली आणि हे पत्र लिहायला बसले. तू आज जे करतो आहेस, तेच मी वर्षानुवर्षे केले आणि त्यापायी एक धडधाकट दाढ घालवली.

तू पोटात असताना माझ्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते. त्या काळात शरीरात होणाऱ्या बदलांमुळे हिरड्या नेहमीपेक्षा हळव्या होतात आणि दातांवर साचलेल्या थोड्याशा थरानेही सुजतात, हे मला पुष्कळ उशिरा कळले. तेव्हा ज्याला विचारावे तो हेच सांगे की असे होतेच, आपोआप जाते. तुझ्या जन्मानंतर रक्त खरोखरच कमी झाले, मात्र ज्या कोपऱ्यात दुखे तिथे ब्रश न्यायचा नाही, ही हाताला लागलेली सवय गेली नाही. वरवर पाहता मी रोज दोन वेळा दात घासत होते, त्यामुळे आपले काही चुकते आहे असे कधी मनातही आले नाही.

पुढे ती दाढ हलू लागली. ठणका नव्हता, कीडही नव्हती. डॉक्टरांनी एक बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळी हिरडी आणि दात यांच्या फटीत अलगद उतरवली आणि ती जिथवर गेली तो आकडा ते मदतनीस बाईंना लिहून घ्यायला सांगू लागले : दोन, तीन, तीन, दोन. निरोगी हिरडीत ही फट एक ते तीन मिलिमीटर असते. त्या दाढेपाशी आल्यावर आकडे झाले सहा, सात, सात. एक्स-रेमध्ये दाढेच्या मुळांभोवतीचे हाड खाली सरकलेले मलाही दिसले. ते हाड पूर्ववत होणार नव्हते. डॉक्टर मला रागावले नाहीत, त्यांनी फक्त विचारले की इथे रक्त येत होते का, आणि मी हो म्हटल्यावर ते क्षणभर गप्प राहिले.

म्हणून आता नीट ऐक. ब्रश लागल्यामुळे जखम होऊन रक्त आले, असा तुझा समज झालेला दिसतो. खूप जोर लावला किंवा ब्रश कडक असला तर हिरडी खरचटते, हे खरे आहे, पण मऊ ब्रश हळू फिरवूनही एकाच जागी दिवसेंदिवस रक्त येत असेल, तर ती हिरडी आधीपासून सुजलेली असते. दातांवर, विशेषतः हिरडीच्या कडेला आणि दोन दातांच्या फटीत, जिवाणूंचा एक चिकट थर सतत साचत असतो, त्याला प्लाक म्हणतात. सूक्ष्मदर्शकातून जिवाणू पाहणारे डच संशोधक अँटनी व्हॅन लेव्हेनहुक यांनी 1683 मध्ये स्वतःच्या दातांवरचा असाच पांढुरका थर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यात वळवळणारे जीव पाहून ते थक्क झाले. ते स्वतः रोज दात स्वच्छ करणारे गृहस्थ होते, हे विशेष. हा थर हिरडीला डिवचतो, हिरडीकडे रक्तप्रवाह वाढतो, ती लाल आणि फुगीर होते आणि ब्रशच्या साध्या स्पर्शानेही तिच्यातून रक्त येते. अशा वेळी ती जागा घासायची सोडली की थर वाढतो, थर वाढला की सूज वाढते, सूज वाढली की रक्त अधिक येते आणि माणूस त्या जागेपासून आणखी लांब पळतो.

याची परीक्षा माणसांवरच झालेली आहे. 1965 मध्ये डेन्मार्कमधील हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणे पूर्ण थांबवले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा नीट घासू लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. दहा दिवस म्हणजे किती थोडे! पण मला यातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो, कारण नुसत्या सुजेपर्यंतच प्रकरण असेल तर ते मागे फिरते. हाड झिजू लागल्यावर मात्र उपचारांनी झीज थांबवता येते, गेलेले हाड सहसा परत येत नाही. तू आज या रेषेच्या अलीकडे असशील, अशी माझी आशा आहे.

आता ब्रश कसा धरायचा ते सांगते. लहानपणी तुला मीच चुकीचे शिकवले, आडवा धरून खसाखसा. मऊ तंतूंचा, लहान डोक्याचा ब्रश घे. तो दातांच्या मधोमध न टेकवता दात आणि हिरडी मिळतात त्या रेषेवर हिरडीकडे तिरपा, साधारण 45 अंशांत टेकव, म्हणजे तंतूंची टोके हिरडीच्या कडेखाली किंचित शिरतील. मग तिथल्या तिथे अगदी छोट्या हालचाली कर आणि दोन-तीन दात झाले की पुढे सरक. मूठ आवळून धरू नकोस, लेखणी धरतोस तसा बोटांत धर, म्हणजे जोर आपोआप कमी पडतो. पंधरा दिवसांतच तंतू फुलासारखे पसरले तर हात जड आहे असे समज, आणि तसे नसले तरी तीन-चार महिन्यांनी ब्रश बदल. दातांची जिभेकडची बाजू सगळे विसरतात. खालच्या पुढच्या दातांच्या मागे तर लाळेतल्या क्षारांमुळे किटण, म्हणजे दगडासारखा घट्ट झालेला थर, फार लवकर धरते, तिथे ब्रश उभा करून टोकाकडच्या तंतूंनी घास. एकूण दोन मिनिटे लागतात. एकदा घड्याळ लावून बघ, आपली दोन मिनिटे किती आखूड असतात ते कळेल.

एवढे करूनही दोन दातांच्या फटीत ब्रश पोहोचत नाही, आणि तुझ्या रक्ताचे मूळ बहुधा तिथेच आहे. दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, फ्लॉसचा दोरा फटीतून हळू खाली ने, एका दाताला इंग्रजी सी अक्षरासारखा वळसा देऊन हिरडीच्या कडेखालून वर ओढ, मग शेजारच्या दाताला तसेच कर. दोरा झटक्याने दाबलास तर हिरडी कापते. फट मोठी असेल तर दोऱ्यापेक्षा बारीक इंटरडेंटल ब्रश बरा, मी आता तोच वापरते. पहिले काही दिवस रक्त जास्तच येईल. बेसिनमध्ये गुलाबी फेस पाहून दचकू नकोस आणि थांबूही नकोस.

रात्रीचे घासणे तू कंटाळून टाळतोस, हे मला ठाऊक आहे. झोपेत लाळ अगदी कमी सुटते, आणि लाळ हाच दातांचा पहारेकरी आहे. जिवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि तोंडातला पीएच (आम्लता मोजण्याचा आकडा, तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधील, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण कवचातील, क्षार विरघळू लागतात. लाळ ते आम्ल हळूहळू निवळवते आणि क्षार परत भरते, पण तिला त्यासाठी अर्धा-पाऊण तास तरी लागतो. म्हणूनच एकदाच बसून गोड खाल्ले तर दात सावरतात, पण अभ्यास करताना दर थोड्या वेळाने गोड पेयाचा एकेक घोट घेत राहिलास तर लाळेला उसंतच मिळत नाही. तू नेमका दुसऱ्या प्रकारचा आहेस. आंबट किंवा फसफसणारे काही प्यायल्यावर मात्र लगेच ब्रश करू नकोस, नरम झालेले इनॅमल घासले जाते, अर्धा तास जाऊ दे. इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ खरा, पण त्यात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे झिजलेले इनॅमल पुन्हा उगवत नाही.

पेस्ट कोणतीही घे, फक्त तिच्यात फ्लोराइड आहे ना, हे वेष्टनावर वाच. मोठ्या माणसांसाठी 1000 ते 1500 पीपीएम (म्हणजे पेस्टच्या दहा लाख भागांत इतके भाग) असावे. घासून झाल्यावर फेस थुंकून टाक, पण खळखळून चुळा भरू नकोस, कारण दातांवर राहिलेले फ्लोराइड पाण्याबरोबर निघून जाते. माउथवॉशने तोंडाला वास चांगला येतो, पण चिकटलेला थर त्याने निघत नाही. ब्रशऐवजी तो वापरणे म्हणजे अंग न धुता अत्तर लावणे.

दोन आठवडे हे सगळे मनापासून करूनही रक्त थांबले नाही, हिरडी दातापासून सुटल्यासारखी वाटली किंवा तोंडाला सतत दुर्गंधी येऊ लागली, तर दंतवैद्यांकडे जाच. थर घट्ट होऊन त्याचे किटण झाले असेल तर ते घरच्या ब्रशने निघत नाही, स्केलिंगच करावे लागते, म्हणजे दंतवैद्यांकडून ते खरवडून काढून घ्यावे लागते. स्केलिंगने दात सैल होतात, अशी भीती तुझे मित्र घालतील. त्यात तथ्य नाही. किटण निघाल्यावर त्याखाली दडलेली फट जिभेला जाणवते, एवढेच, आणि सूज उतरली की हिरडी घट्ट होते. तुझ्या खोलीत कोणी सिगारेट ओढत असेल तर त्यालाही हे सांग की त्याच्या हिरड्यांतून रक्त येत नाही, यात त्याने समाधान मानू नये. तंबाखूने हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आजार वाढत असतानाही रक्त दिसत नाही. तुला निदान रक्ताने वेळेवर कळवले तरी आहे.

आज रात्रीपासून उजव्या बाजूनेच सुरुवात कर, कारण सुरुवातीला हातात धीर असतो आणि शेवटी कंटाळा. दहा दिवसांनी फोन करशील तेव्हा तब्येत वगैरे नंतर सांग, आधी फेसाचा रंग कसा आहे ते सांग.

तुझी,
आई

ता. क. : मागच्या खेपेला तुझा ब्रश ओल्या डबीत बंद केलेला दिसला. तो उघडा, उभा ठेवून वाळू दे.